येणाऱ्या डिसेंबरची नोंद

१

सतरा नंबरची खाच रिकामी होती.

जानेवारीची दोन तारीख, शुक्रवार, सकाळचे सव्वानऊ. प्रयोगशाळेच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या बिनखिडकीच्या खोलीत तिघं जण एका पोलादी कपाटासमोर उभे होते. या खोलीला सगळे विषकोठी म्हणत. अन्न, पाणी, औषधं तपासायला जी द्रव्यं लागतात, त्यांतली उघड्यावर ठेवता न येणारी इथे असत. कपाटात चोवीस तपकिरी बाटल्या आणि लाकडी पट्टीत प्रत्येकीसाठी कोरलेली खाच. नव्या वर्षाच्या पहिल्या कामाच्या दिवशी मुख्य कार्यालयातून कोणीतरी यायचं आणि बाटल्या मोजायच्या, अशी पद्धत होती.

यंदा तपासनीस बाई आल्या होत्या. वय सत्तावन्न, आवाज बारीक. दुसऱ्यांनी केलेल्या नोंदी तपासण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. त्या आकडा वाचत. भांडारपाल बाटली उचलून दाखवत. आणि डॉक्टर, म्हणजे दवाखान्यातले नव्हेत, रसायनशास्त्रातले, चष्मा कपाळावर सरकवून चिठ्ठी वाचत. सोळापर्यंत सगळं सुरळीत झालं.

"सतरा," बाई म्हणाल्या.

भांडारपालांचा हात खाचेपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. त्यांना सगळे दादा म्हणत. उजव्या तर्जनीला पांढरी पट्टी गुंडाळलेली होती.

"नाहीये," दादा म्हणाले.

"नाहीये म्हणजे?"

"म्हणजे... नाहीये, बाई."

डॉक्टरांनी चष्मा खाली ओढला, आत पाहिलं आणि एक पाऊल मागे घेतलं. 

"किती होतं त्यात?"

"पाव किलोच्या आसपास," डॉक्टर म्हणाले. "पांढरं, दाणेदार, बिनवासाचं. चिमूटभर पोटात गेलं तर आपण इथे उभे राहून चर्चा करत नसतो."

वही पाहिली. दर सोमवारी दोघांनी मिळून कोठी तपासायची, असा नियम. शेवटची तपासणी सोमवारी, एकोणतीस डिसेंबरला झाली होती. चोवीस बाटल्या, खाली दादांची आणि डॉक्टरांची सही. काल, एक तारखेला, इमारतीला कुलूप होतं. म्हणजे बाटली गेली ती एकोणतीस ते एकतीसच्या दरम्यान.

कोठीच्या दारावर कार्डाचं यंत्र होतं. कार्ड लावल्याशिवाय दार उघडत नसे, आणि ते कोणी कधी लावलं हे यंत्र टिपून ठेवी. यंत्र बसवून पावणेदोन वर्षं झाली होती. पण त्याची यादी आजवर कोणी मागितली नव्हती. मागावी लागेल असं काही घडलंच नव्हतं.

यंत्रांची देखभाल करणारा माणूस, त्याला सगळे यंत्रवाला म्हणत, दहा मिनिटांत कागद घेऊन आला. त्यावर एकच ओळ होती.

"एकोणतीसला कोणी नाही. एकतीसला कोणी नाही," त्याने वाचलं. "तीस डिसेंबर, सकाळी सात बेचाळीस, कार्ड नंबर चार."

"चार कोणाचं?"

यंत्रवाल्याने दुसरा कागद उलगडला, बोट खाली नेलं आणि ते तिथेच ठेवलं. 

"आबांचं," तो म्हणाला.

दादांनी कपाटाचा आधार घेतला.

"आबा कोण?" बाईंनी विचारलं.

उत्तर डॉक्टरांनी दिलं. "आधीचे भांडारपाल. ऑगस्टमध्ये गेले. मी स्वतः खांदा दिलाय त्यांना."

२

संचालक साहेब भुताखेतांवर विश्वास ठेवणारे नव्हते, त्यामुळे त्यांना उत्तर लगेच सापडलं.

"मेलेला माणूस येत नाही, कार्ड येतं. आबांचं कार्ड परत घेतलेलं नाही. ते त्यांच्या घरी असणार. आणि त्यांच्या घरून रोज सकाळी इथे कोण येतं?"

आबांची मुलगी येत होती. बाहेरून येणारे नमुने नोंदवून घ्यायचे आणि तपासून झाल्यावर ज्याचे त्याला परत पाठवायचे, हे तिचं काम. वय तिशीच्या आतबाहेर. लग्न केलं नव्हतं; घरी आई, आणि आईच्या उशाशी औषधांचा डबा.

"मी पोलिसांना फोन केलाय," साहेब म्हणाले. "चार वाजता येतायत. मोजणी तुमची, बाई, तेव्हा तुमचा अहवालही चारपर्यंत द्या."

"आणि बाटली?"

"ती तीच सांगेल. पोलिसांसमोर सगळे सांगतात."

बाईंना नेमकी याचीच धास्ती होती. मुलीने घेतली असेल तर ठीक, ती सांगेल. पण घेतली नसेल तर तिच्याजवळ सांगायला काही नाही. तिला रात्रभर विचारत बसतील आणि तोवर ते पाव किलो कुठेतरी, कोणाच्या तरी हाताशी पडून राहील.

बाई मुलीच्या टेबलाशी गेल्या. टेबल परतीच्या मांडणीला लागून होतं. मांडणीवर पुठ्ठ्याची खोकी, खोक्यांत काचेच्या एकसारख्या बरण्या. टेबलावर वही, शाई, आणि कोपऱ्यात एकटीच एक बरणी. तिच्यावर पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी होती: साखर? जादा.

मुलगी उभी राहिली. बातमी तिच्यापर्यंत पोचलेली होती. ओठ पांढरे पडले होते.

"कार्ड घरीच आहे," तिने न विचारताच सांगितलं. "आबांच्या चष्म्याच्या घरात. आईने चष्मा आणि कार्ड एकत्र ठेवलंय. मी हातही लावलेला नाही."

"तीस तारखेला सकाळी पावणेआठला तू कुठे होतीस?"

"रस्त्यावर. चालत येते मी."

"कोणी पाहिलं?"

"रस्त्यावर कोण कोणाला पाहतं, बाई?" तिचा आवाज चिरकला. "मी असं काही केलं असतं तर आबांचं कार्ड वापरलं असतं का? सगळ्यांना ठाऊक आहे ते कोणाच्या घरी आहे. एवढी मूर्ख आहे का मी?"

हा मुद्दा बाईंनी वहीत टिपला.

"आबा कोठीत कधी जायचे?"

"सोमवारी. पावणेआठला, सगळे यायच्या आत. दार कोणी उघडायचं यावरून डॉक्टरांशी दर वेळी थट्टा. आबाच आधी पोचायचे." ती क्षणभर हसल्यासारखी झाली. "बाकीचे दिवस कोठीकडे फिरकायचे नाहीत. म्हणायचे, तिथे उगाच गेलं की काहीतरी सांडतं."

"आणि ही बरणी?"

"ही? हिचा घोळ वेगळाच आहे. एका शाळेच्या वसतिगृहाचं खोकं परत पाठवायचं होतं. पाच बरण्या साखर आली होती, खोक्यात निघाल्या सहा. आकडा जुळल्याशिवाय काही हलवायचं नाही, हे आबांनी डोक्यात ठोकून बसवलंय. म्हणून एक काढून ठेवली. वसतिगृह सुट्टीनंतर आज संध्याकाळी उघडतंय. उघडलं की विचारेन."

एवढ्यात चहाच्या मावशी आल्या. हातात दोन कप, कपाळावर आठ्या.

"बिनसाखरेचा आहे हो. साखर संपलीय आणि दुकान काही उद्यापर्यंत उघडत नाही. आज सगळ्यांचंच तोंड कडू." मग मुलीकडे पाहून त्यांचा स्वर उतरला. "तू घे गं दोन घोट. चेहरा बघ कसा झालाय."

मुलीने कप हातात घेतला, पण न पिताच परत ठेवला.

"बाई," ती हळूच म्हणाली, "मला घेऊन गेले तर आईला काय सांगायचं? की आबांच्या कार्डावर मी विष चोरलं?"

 दारात साहेबांचा माणूस उभा होता. मुलीने चारपर्यंत वरच्या खोलीत बसावं, असा निरोप होता. बाहेरून कडी लागणार होती.

३

डॉक्टर आपल्या खोलीत काचेच्या नळ्या धुवत होते.

"मुलीने घेतलं असं वाटतं तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"मला वाटतं याला इथे किंमत असती तर मी संचालक झालो असतो." त्यांनी नळी उजेडात धरली. "नाही वाटत. ती पेन्सिलीचा तुकडासुद्धा नोंद करून घेते."

"मग कोण?"

"मला आवडणार नाही असं उत्तर देऊ? मी. आत जाणारे आम्ही दोघंच, मी आणि दादा. माझ्या खोलीची झडती घ्या, खुशाल. मात्र लवकर घ्या. आज सकाळपासून मी पाणीसुद्धा नळाचं पीत नाहीये."

ही थट्टा नव्हती. खोलीतला पाण्याचा माठ त्यांनी पालथा घातलेला होता.

"सोमवारी, एकोणतीसला, तुम्ही खरंच आत गेला होतात? की वहीत नुसती सही?"

डॉक्टर वळले. "बाई, माझं तोंड वाईट आहे, सही नाही. गेलो होतो. पावणेआठनंतर पाच-दहा मिनिटांनी. कार्ड दादांनी लावलं, मी मागून आत शिरलो. चोवीस होत्या. सतरा नंबर मी हाताने फिरवून पाहिली."

बाईंनी यंत्राचा कागद पुन्हा उघडला. एकोणतीस डिसेंबर: कोणी नाही.

दादा भांडारात हिशेबाच्या फायली विनाकारण इकडून तिकडे ठेवत होते. खांद्याने कानाशी फोन दाबून धरला होता. पलीकडे घंटा वाजत राहिली, कोणी उचलला नाही. बाईंना पाहताच त्यांनी फोन खिशात टाकला.

"कोणाला लावत होता?"

"घरी. जरा काम होतं. खरं तर मला दुपारी लवकर निघायचंय, बाई. जमेल का?"

"आज कोणीच निघणार नाही. बोटाला काय झालं?"

"डब्याचं झाकण लागलं."

बाई समोरच्या स्टुलावर बसल्या. दादांची नजर मात्र त्यांच्यावर नव्हती. त्यांच्या हातातल्या कागदावर होती.

"आबांनी शिकवलं ना तुम्हाला?"

"सगळं. बाटली कशी धरायची इथपासून." ते थांबले. "बाई, एक विचारू? यंत्राने... फक्त त्यांचंच नाव दिलंय? तीस तारखेला दुसरं कोणाचंच नाही?"

"नाही."

"संध्याकाळचंसुद्धा नाही?"

"एकच ओळ आहे. पाहा."

दादांनी कागद हातात घेतला नाही. भाजेल की काय अशा बेताने मान पुढे करून वाचला, आणि मागे सरले. इतका वेळ त्यांना बाटली हरवल्याचीच भीती असेल असं बाईंनी धरलं होतं. हे वेगळं होतं. हा माणूस त्या ओळीला घाबरला होता.

बाहेर पडल्यावर त्या व्हरांड्यात उभ्या राहिल्या. सकाळपासून प्रत्येकाने एकच विचारलं होतं, मेलेला माणूस आला कसा? एका दादांनी तसं विचारलं नाही. त्यांनी विचारलं, दुसरं कोणीच कसं नाही?

घड्याळात अडीच वाजून गेले होते.

४

"यंत्र चुकत नाही," यंत्रवाला म्हणाला. हे त्याचं चौथ्यांदा सांगून झालं होतं.

"डॉक्टर आणि दादा एकोणतीसला आत गेले. तुमच्या यंत्राला पत्ता नाही."

"खोटं बोलत असतील."

"दोघांनी मिळून खोटं बोलायचं ते आपण आत होतो असं? ज्या खोलीतून विष गेलं त्या खोलीत?"

 बाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. नवं कोरं होतं ते. जुनं त्याच्याच मागे लटकत होतं. त्यांनी पान वर केलं. तीस डिसेंबर, मंगळवार.

आबा सोमवारशिवाय फिरकायचे नाहीत. आणि यंत्राने टिपलेली वेळ तर अगदी आबांच्या सोमवारची होती.

"तीस डिसेंबर सोमवारी कधी होता?" त्यांनी विचारलं. उत्तराची वाट न पाहता त्या दादांच्या कपाटाकडे गेल्या आणि सरलेल्या वर्षाच्याही आधीच्या वर्षाची वही काढली. शेवटून दुसरं पान. आबांचं ठसठशीत अक्षर: तीस डिसेंबर, सोमवार. सात पंचेचाळीस. चोवीस. आकडा जुळला. खाली डॉक्टरांची सही.

त्यांनी वही यंत्रवाल्यापुढे ठेवली.

"आता यंत्राला विचारा. त्या आधीच्या वर्षीचा तीस डिसेंबर."

त्याने बटणं दाबली. पडद्यावर काहीच उमटलं नाही. त्या दिवशी यंत्राच्या लेखी दार उघडलंच नव्हतं.

"वही म्हणते, आबा त्या आधीच्या वर्षी कोठीत गेले होते," बाई एकेक शब्द तोलत म्हणाल्या. "यंत्र म्हणतं, तेव्हा नाही, आत्ता सरलेल्या वर्षी गेले. तारीख तीच, वेळ तीच. फक्त वर्ष एकाने पुढे. माणूस मेलेला नव्हता हो, नोंद जुनी होती."

 यंत्रवाल्याने कागद ओढला, आठवडे मांडले, बोटांवर मोजले.

"आठवड्याचं वर्ष," तो पुटपुटला.

"मला कळेल असं सांगा."

"यंत्रात वर्ष दोन तऱ्हांनी विचारता येतं. एक तारखेचं वर्ष. दुसरं आठवड्याचं. आठवडा सोमवारी सुरू होतो. वर्ष बदलताना एकच आठवडा दोन्हीकडे सांडतो ना? मग ज्या वर्षाचे दिवस त्यात जास्त, तो आख्खा आठवडा त्या वर्षाचा धरतात. हजेरीच्या आठवड्यांना ते ठीक आहे. पण दाराचा प्रोग्राम लिहिणाऱ्याने तारखेपुढे वर्ष लावताना आठवड्याचंच वर्ष लावलंय! वर्षभर दोन्ही सारखीच असतात, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. मागच्या वेळी सोमवार-मंगळवार जुने आणि पाच दिवस नवे. तीस आणि एकतीस पुढच्या वर्षात गेले. एकोणतीसला रविवार होता, तो मागच्या आठवड्यातला. तो जागेवर राहिला."

"आणि या वेळी?"

"या वेळी सोमवार, मंगळवार, बुधवार जुने. गुरुवारपासून चार दिवस नवे. तीन विरुद्ध चार. एकोणतीस, तीस, एकतीस, तिन्ही..." तो थांबला.

"तिन्ही पुढच्या वर्षात," बाईंनी वाक्य पुरं केलं. "म्हणून एकोणतीसचं पान कोरं. आता मला डिसेंबरची यादी काढून द्या. मागच्या महिन्याची नको. येणाऱ्या डिसेंबरची."

"बाई, तो अजून यायचाय."

"यंत्राला कुठे माहीत आहे?"

त्याची बोटं बटणांवर घसरत होती. नव्या वर्षाचा दुसरा दिवस होता, आणि दोघं त्याच्या शेवटच्या आठवड्यात डोकावत होते. छपाईचं यंत्र खरखरलं. कागद बाहेर आला. त्यावर दोन ओळी होत्या.

एकोणतीस डिसेंबर, सकाळी सात त्रेपन्न, कार्ड नंबर नऊ.

तीस डिसेंबर, संध्याकाळी पाच वीस, कार्ड नंबर नऊ.

"नऊ?" बाईंनी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"दादा," यंत्रवाला म्हणाला.

५

दादांनी नाकबूल केलं नाही. कागद पाहिला आणि ते खाली फरशीवरच बसले. त्यांच्या तोंडून जे बाहेर पडलं ते रडण्यापेक्षा सुटकेच्या जवळ होतं.

"म्हणजे आबा आले नव्हते."

"नाही."

"सकाळपासून मला वाटतंय, मी गेलो आणि यंत्राने आबांचं नाव लिहिलं. माझ्या पापावर त्यांनी सही केली."

"बाटली कुठे आहे?" बाईंनी त्यांचे खांदे धरले. "दादा, बाकीचं नंतर. बाटली."

ते धडाधडा बोलत सुटले. मोजणीच्या आधी एकदा पाहून घ्यावं म्हणून मंगळवारी संध्याकाळी ते एकटेच आत गेले. दोघांनी जायचा नियम मोडला. सतरा नंबर उचलताना ती पट्टीवर आपटली. काच तडकली, बोट कापलं. आधीच्या दोन ताकिदी होत्या, तिसरीला नोकरी गेली असती. म्हणून तडकलेली बाटली ते नमुन्यांच्या खोलीत घेऊन गेले, रिकाम्या बरणीत सगळं ओतलं. सकाळी नवी तपकिरी बाटली आणून भरून ठेवू, कोणाला कळायचं नाही. तेवढ्यात साहेब फेरी मारत दारात आले. दादांनी बरणी समोरच्या खोक्यात सरकवली, आणि साहेब त्यांना बोलत बोलत बाहेर घेऊन गेले.

"बुधवारी आलो तर सुट्टीमुळे खोकी लवकर रवाना झालेली. तिथला फोन तीन दिवस नुसता वाजतोय. आज मी स्वतः जाणार होतो, पोरं परतायच्या आत. शपथेवर सांगतो."

"कोणती पोरं? कोणतं खोकं?"

"वसतिगृहाचं. साखरेच्या नमुन्यांचं."

बाईंच्या डोळ्यांपुढे एक टेबल आलं. कोपऱ्यात एकटी बरणी. पेन्सिलीची चिठ्ठी.

"ते गेलं नाही," त्या म्हणाल्या, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच कचेरीत धावल्या. "तिने काढून ठेवलं!"

क्षणभर सगळं ठीक झालं होतं. तो क्षण मोजून व्हरांड्याच्या लांबीएवढा. पोलीस आधी आले असते, त्यांनी टेबल तपासलं असतं, तर मुलीच्याच टेबलावर मुलीच्याच अक्षरातली चिठ्ठी लावलेलं विष सापडलं असतं, हा विचारही त्यांच्या मनात येऊन गेला. मग त्या टेबलाशी पोचल्या.

वही होती. शाई होती. कोपरा रिकामा होता.

यंत्रवाला वर जाऊन कडी काढून मुलीला घेऊन आला. तिने टेबल पाहिलं, बाईंकडे पाहिलं.

"बरणीत काय होतं?" तिने विचारलं. दादांनी मान खाली घातली. तिला ते कळलं. तिचा हात तोंडावर गेला. "मी त्याच्यावर साखर लिहिलंय."

चार वाजून तीन मिनिटं झाली होती. साहेबांच्या खोलीतून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. पाठोपाठ कपांची किणकिण.

सगळ्यात आधी पळाले ते दादा. तीन दिवस तोंडाला कुलूप लावून बसलेला तो माणूस दार ढकलून आत घुसला. दोन पोलीस अधिकारी, साहेब, जबानीसाठी बोलावलेले डॉक्टर, मध्ये तबक. एका अधिकाऱ्याने कप उचलून फुंकर घातली होती. दादांनी तो त्याच्या हातातून उडवला आणि दुसऱ्या हाताने तबकच भिरकावलं. चहा भिंतीवर गेला, साहेबांच्या फायलींवर गेला. अधिकाऱ्यांनी दादांना भिंतीशी दाबून धरलं.

"कोणी प्यायलं का?" दादा ओरडत होते. "सांगा ना, कोणी प्यायलं का?"

"प्यायला दिलंत कुठे?" डॉक्टर म्हणाले, आणि मग त्यांचं लक्ष दारातल्या बाईंच्या चेहऱ्याकडे गेलं. त्यांनी आपले दोन्ही हात टेबलावरून अलगद उचलून घेतले. "कोणी कशाला हात लावू नका. साहेब, रुमाल नको. उठा तसेच."

मुलगी खाली पाहत मोजत होती. ओठ हलत होते. फुटके, अर्धे, कानाचे तुकडे.

"चार," ती म्हणाली. "बाई, तुमचा कप धरून मावशी पाच भरणार. पाचवा कुठे?"

"इथेच आहे," बाई म्हणाल्या. तो कपाटाखाली घरंगळला होता. "पाच."

मुलीने मान हलवली. तरीही ती उभीच. काहीतरी जुळत नव्हतं. "तबकावर सहा गोल आहेत," ती म्हणाली. "ओले. सहा कप ठेवले होते. एक उचललाय."

आणि ती पळाली.

चहाच्या खोलीत मावशी खिडकीशी उभ्या होत्या. ओट्यावर बरणी उघडी, चिठ्ठी सोलून बाजूला ठेवलेली. हातात दोन भांडी. या भांड्यातून त्या भांड्यात चहाची धार.

"मावशी, खाली ठेवा!"

"अगं हो, देतेच. तुझाच थंड करतेय." मावशी वळल्या. "सकाळी कडू म्हणून तसाच टाकलास. तुझ्याच टेबलावर साखर होती की. म्हटलं, पोरगी उपाशी कोंडलीय, हिला तरी गोड..."

"तुम्ही घेतलात? चाखलात?"

"मला दवाखान्यातल्या डॉक्टरांनी साखर बंद करून चार वर्षं झाली. का गं? रडतेस का? कोणी काही बोललं का तुला?"

मुलीने त्यांच्या हातातली भांडी काढून ओट्यावर ठेवली, अगदी हळू, आबांनी शिकवल्यासारखी, दोन्ही हातांनी. मावशींचे हात धरून नळाखाली नेले.  ती तिथेच भिंतीला टेकून बसली.

बाई दारात पोचल्या तेव्हा मागून व्हरांड्यातून दादांना नेत होते. ते दाराशी थांबले. मुलीने वर पाहिलं नाही.

"पोरी," दादा म्हणाले, "तुझ्यावर आलं तेव्हाच मी बोलायला हवं होतं."

"सव्वानऊला," ती म्हणाली. "तेव्हाच बोलायला हवं होतंत."

त्यांना पुढे नेलं.

बाईंनी बरणीला झाकण लावलं, कोठीची वही मागवली आणि पेन उघडलं. मग काही विचार करून वही मुलीपुढे धरली. मुलीने डोळे पुसले.  तिने आधी तारीख घातली. वर्ष घालताना थांबली, खिडकीबाहेर पाहिलं आणि ते हाताने, आकड्यात, स्पष्ट लिहिलं.

शुक्रवार. चार वाजून वीस मिनिटं. बरणी एक. कप सहा.

आकडा जुळला.